महागुरूंच्या बोधचिन्हाचा फलक आणि पितळी पाटी : जळगावातील एका कारखान्याच्या कामाचे परीक्षण

कॅथलिक धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना महागुरूंचे, म्हणजे बिशपांचे, बोधचिन्ह (ढाल, टोपी आणि क्रूस मिळून होणारी त्यांच्या पदाची खूण) नीट वाचता यावे, म्हणून भुसावळच्या आमच्या मंडळीने त्याचा एक लाकडी फलक आणि त्याच चिन्हाची एक पितळी पाटी असे दोन नग जळगावातील एका नेमप्लेट व ट्रॉफी बनवणाऱ्या कारखान्याकडून करून घेतले. अडीच फूट उंचीच्या, सागवानात कोरून रंगवलेल्या फलकाचे ९,५०० रुपये आणि एक फूट चौरस पाटीचे २,८०० रुपये पडले. हाताच्या कारागिरीला मी ५ पैकी साडेचार गुण देईन आणि संगणकावरच्या रचनेला जेमतेम दोन. या दोन आकड्यांमधले अंतर कशामुळे पडले, तेच येथे सांगायचे आहे. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा येतील त्या काही त्या एकाच जागेच्या नव्हेत. शाळांची सन्मानचिन्हे, पतसंस्थांच्या पाट्या आणि सत्काराच्या ढाली यांवर ज्यांचा व्यवसाय चालतो, अशा धुळ्या-नंदुरबारच्या दुकानातही हे काम दिले तर बहुधा याच अडचणी समोर येतील.

खानदेशातील धर्मग्रामे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या महागुरूंच्या अखत्यारीत, येतात. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतापासून वेगळा झाला. प्रत्यक्ष महागुरूंचे बोधचिन्ह ही त्यांच्या व्यक्तीची आणि पदाची खूण असते. ते त्यांच्या पत्रांवर आणि शिक्क्यांवर उमटते. त्याच्या ढालीच्या बाजूंना लोंबणारे गोंडे काढून-लावून मुलांना शिकवणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही. म्हणून एका कल्पित धर्मप्रांताच्या कल्पित महागुरूंचे चिन्ह ठरवले आणि ते खानदेशातल्या मुलांना ओळखीचे वाटेल असे पाहिले. ढालीचे उभे दोन भाग केले. अशी विभागणी जेथे करतात तेथे एक भाग धर्मप्रांताचा आणि दुसरा महागुरूंचा स्वतःचा असतो. धर्मप्रांताच्या भागात निळ्या जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, रुपेरी नागमोडी पट्टा, म्हणजे तापी, आणि त्याच्या वर आठ टोकांचा सोनेरी तारा, म्हणजे पवित्र मरिया. महागुरूंच्या भागात काळ्या जमिनीवर रुपेरी कापसाचे बोंड आणि त्याखाली सोनेरी गुण्या, म्हणजे सुताराचे हत्यार आणि म्हणून संत योसेफ.

कापसाला काळी जमीन मिळाली ती केवळ आपल्याकडची माती काळी म्हणून नव्हे. बोधचिन्हशास्त्रात सोने आणि रुपे हे दोन धातू मानतात, तर तांबडा, निळा, हिरवा, काळा आणि जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, हा त्यातला सर्वांत जुना नियम. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे: ढाल लांबून ओळखू आली पाहिजे, आणि पिवळ्यावर पांढरे किंवा निळ्यावर काळे लांबून दिसत नाही. जेरुसलेमच्या जुन्या राज्याच्या चिन्हात रुपेरी जमिनीवर सोनेरी क्रूस आहेत, पण तो इतका गाजलेला अपवाद आहे की त्याने नियमच पक्का होतो. कारखान्याच्या रचनाकाराने मात्र पहिल्याच नमुन्यात बोंडामागे सोनेरी छटा भरली होती. ‘सर, सोनेरीने उठाव येतो,’ असे त्याचे म्हणणे. सत्काराच्या ढालींवर सोनेरी सगळीकडे चालते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. त्या नमुन्याचा कागद दुकानाच्या समोरच्या भिंतीला लावून रस्त्याच्या अलीकडून पाहायला सांगितले, तेव्हा बोंड दिसेनासे झाले आणि वाद तेथेच मिटला.

याच अनुषंगाने एक खर्च वाचवणारी गोष्ट सांगतो. सोने म्हणजे वर्ख आणि रुपे म्हणजे चांदीचा रंग हवाच, असा आग्रह या शास्त्रात मुळीच नाही. साधा पिवळा रंग सोन्याच्या जागी आणि साधा पांढरा रंग रुप्याच्या जागी पूर्णपणे चालतो. जळगावात सोन्याचे काम करणारे हात पुष्कळ, तेव्हा वर्ख लावून घ्यावा असे मंडळीतल्या काहींना वाटत होते. आम्ही पिवळा रंग घेतला आणि पांढऱ्याच्या ठिकाणी पांढराच. बाजारात मिळणारा चंदेरी रंग वार्निशखाली करडा दिसू लागतो, आणि करड्या रंगाला येथे स्थान नाही. निळ्या-हिरव्याच्या नेमक्या छटेचेही तसेच आहे. रचनाकार प्रत्येक रंगाचा क्रमांक मागत होता, पण नियम फक्त ‘निळा’ म्हणतो. आकाशाचा की शाईचा, ते कारागिराने ठरवावे.

आता गोंड्यांकडे वळतो, कारण या फलकाचा जीव त्यांतच आहे आणि सर्वांत जास्त चुकाही तेथेच झाल्या. ढालीच्या वर रुंद काठाची एक टोपी असते, तिला गालेरो म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंनी दोर खाली येतात आणि त्यांना गोंडे लोंबतात. मुळात ही प्रवाशाची उन्हापावसाची टोपी. पोप चौथे इनोसंट यांनी १२४५ च्या लिओंच्या धर्मपरिषदेच्या वेळी कार्डिनलांना, म्हणजे पोपखालोखालच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना, तांबडी टोपी दिली आणि पुढे ती हळूहळू चिन्हांत मुकुटाच्या जागी येऊन बसली. महागुरूंची टोपी हिरवी असते आणि तिला प्रत्येक बाजूस ६ हिरवे गोंडे असतात: वर १, त्याखाली २, त्याखाली ३. अनेक धर्मप्रांत मिळून होणाऱ्या महाप्रांताच्या महागुरूंना, म्हणजे आर्चबिशपांना, टोपी हिरवीच, पण गोंडे प्रत्येक बाजूस १०, चौथ्या ओळीत ४ वाढवून. कार्डिनलांची टोपी आणि गोंडे तांबडे, पाच ओळींत प्रत्येक बाजूस १५. ही संख्या १८३२ मध्ये ठरवून दिली गेली. साध्या धर्मगुरूला काळी टोपी आणि प्रत्येक बाजूस एकच गोंडा. आणि नुसती संख्या मोजूनही भागत नाही, कारण काळ्या टोपीला जांभळे ६-६ गोंडे लावले की ते चिन्ह मॉन्सिन्योरचे, म्हणजे पोपकडून मानाची पदवी मिळालेल्या धर्मगुरूचे, होते. म्हणजे संख्या आणि रंग ही दोन्ही मिळून पद सांगतात. एक चुकले की माणूस दुसराच होतो.

आमच्या मागणीत हे सर्व लेखी होते. तरीही पडद्यावरच्या पहिल्या रचनेत प्रत्येक बाजूस ५ गोंडे आले, कारण तितकेच चौकटीत ‘बरोबर बसतात’. दुसऱ्या रचनेत ६ झाले, पण ३-२-१ असे उलटे, खाली निमुळते होत गेलेले, कारण ते डोळ्यांना बरे दिसते. रचनाकाराला दोष देण्याचा हेतू नाही. त्याच्या रोजच्या कामात वेलबुट्टीची पाने पाच की सहा याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि महाजालावरून घेतलेली तयार चित्रे तो वापरतो, त्यांतही कितीतरी चुकीची असतात. पण ग्राहकाने येथे डोळ्यांत तेल घालून मोजले पाहिजे. मोजायचे ते पडद्यावरच, कारण लाकूड एकदा कोरले की मोजून उपयोग नाही.

गोंडे कोरलेले नकोत, काढता-घालता येणारे हवेत, ही आमची अट होती. एकाच फलकावर मुलांनी ६ चे १० करावेत आणि बिशपांचे आर्चबिशप कसे होतात ते स्वतःच्या हाताने पाहावे. कारखान्याने सुचवलेले प्लास्टिकचे गोंडे पाहवले नाहीत. शेवटी पोळ्याचा साज विकणाऱ्या एका दुकानातून गोंडे करून घेतले. बैलांच्या शिंगांना आणि झुलींना लावायचे गोंडे तेथे नेहमी रंगीबेरंगीच असतात. एकरंगी हिरवे हवेत म्हटल्यावर दुकानदाराने आधी दोनदा विचारून घेतले आणि मग लोकरीचे इतके घट्ट, एका मापाचे गोंडे वळून दिले की फलकावरील सर्वांत देखणी वस्तू तीच ठरली. ३० तांबडेही त्यांच्याकडूनच केले. तांबडी टोपी वेगळ्या पातळ लाकडाची आहे, ती हिरवीवर खुंट्यांनी बसते. व्हॅलेरियन ग्रेशस १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हा मुंबईच्या आर्चबिशपांच्या चिन्हात नेमके काय बदलले असेल, हे या टोपीमुळे मुलांना एका मिनिटात दाखवता येते. खुंट्या आणि आकडे बसवण्याचे काम कारखान्याच्या सुताराने केले. गोंडे लोंबले तरी ओळी वाकड्या होत नाहीत आणि न वापरलेल्या आकड्यांची भोके दोराच्या कोरीव गाठींमध्ये लपतात, ही युक्ती त्याची स्वतःची.

टोपीविषयी मुले हमखास विचारतात की ती डोक्यावर कधी दिसते. उत्तर असे की आता दिसत नाही. कार्डिनलांना प्रत्यक्ष टोपी देण्याची प्रथा १९६९ मध्ये बंद झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलसारख्या काही ठिकाणी दिवंगत कार्डिनलांच्या टोप्या छताला टांगलेल्या आहेत आणि त्या तशाच जीर्ण होऊ द्यायच्या अशी रीत आहे. चिन्हात मात्र टोपी टिकली. त्याच १९६९ च्या व्हॅटिकनच्या सूचनेने कार्डिनलांच्या आणि महागुरूंच्या चिन्हांतून मायटर (महागुरूंची उंच टोकदार टोपी) आणि मेंढपाळाची काठी काढून टाकली. क्रूस आणि टोपी एवढेच ठेवले. हा तपशील कारखान्याला तीन वेळा सांगावा लागला, कारण महागुरू म्हटले की त्यांच्या संगणकात मायटर आणि काठीच आधी उगवत होती. जुन्या चर्चमध्ये, जुन्या छायाचित्रांत ती दिसतात, त्यामुळे गैरसमज स्वाभाविक आहे. नव्या चिन्हात ती घालू नयेत.

क्रूसाचे काम उत्तम झाले. तो ढालीच्या मागे उभा असतो. त्याचा वरचा भाग टोपी आणि ढाल यांच्यामध्ये दिसतो आणि पाय ढालीखाली निघतो. महागुरूंच्या क्रूसाला एक आडवा दांडा, आर्चबिशपांच्या क्रूसाला दोन. खरे तर पदाची पक्की खूण टोपीपेक्षा हा क्रूसच आहे, कारण टोपी धर्मगुरूंच्या चिन्हातही असते, पण ढालीमागचा क्रूस त्यांच्या चिन्हात नसतो. सुताराने क्रूस वेगळ्या तुकड्यात कोरून ढालीच्या मागे खाचेत बसवला, त्यामुळे ‘मागे’ हा शब्द फलकावर खरोखर डोळ्यांना दिसतो. दुसरा आडवा दांडाही घालता-काढता येतो. महाप्रांताच्या आर्चबिशपांची आणखी एक खूण म्हणजे पालियम, काळे क्रूस असलेली पांढऱ्या लोकरीची पट्टी, जी ढालीखाली दाखवता येते. नाशिक धर्मप्रांत मुंबईच्या महाप्रांतात मोडतो, म्हणून पालियम मुंबईच्या आर्चबिशपांकडे, नाशिकच्या महागुरूंकडे नाही. आमच्यासाठी ती फेल्टची शिवली. ती सुमार झाली आहे, आणि तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

ढालीच्या डाव्या-उजव्याचा घोटाळा जवळजवळ छपाईपर्यंत पोहोचला होता. बोधचिन्हात उजवी बाजू म्हणजे ढाल हातात धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी. मानाची बाजू तीच, म्हणून धर्मप्रांताचा भाग तेथे येतो आणि महागुरूंचा स्वतःचा भाग दुसऱ्या बाजूस. लेखी वर्णनात ‘धरणाऱ्याच्या उजवीस’ असे स्पष्ट असूनही पडद्यावर तापी आणि कापूस यांच्या जागा बदलल्या गेल्या. मुलांना हे समजावताना त्यांच्यापैकी एकाच्या छातीशी फलक धरायला लावतो. त्याने उजवा हात वर केला की प्रश्न संपतो.

रचनाकाराची आणखी एक सूचना नागमोडी पट्ट्याखाली ‘तापी’ असे लिहावे, ही होती. ढालीत अक्षरे घालणे जाणकार कमअस्सल मानतात. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या ढालीत क्रूसाखाली मरियेसाठी मोठा ‘एम’ होता, आणि त्यावरही या विषयातल्या अभ्यासकांनी नाक मुरडले होते. दुसऱ्या बाजूने हेही खरे की नाव न लिहिता चिन्ह ओळखू येणे ही जबाबदारी चित्राची असते, आणि तिथे व्हॅटिकनलाही हात फिरवावा लागला आहे. मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे चिन्ह प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा मरियेचा तारा पाच टोकांचा होता आणि योसेफाचे जटामांसीचे फूल द्राक्षाच्या घोसासारखे दिसत होते. काही दिवसांत तारा आठ टोकांचा झाला आणि फूलही नव्याने काढले गेले. आमचे बोंडही पहिल्या रेखाटनात फुलकोबीसारखे दिसत होते. सुताराने खऱ्या बोंडाची चार उघडलेली पाखे समोर ठेवून ते पुन्हा कोरले, आणि आता खेड्यातले मूल ते न सांगता ओळखते. गुण्या तर त्याच्या रोजच्या हातातला. त्याच्या कोनाला आणि जाडीला त्याने जो न्याय दिला, तो कोणत्याही तयार चित्रात सापडला नसता.

पितळी पाटीच्या खोदकामाविषयी मात्र तक्रारीला जागाच नाही. पितळेवर रंग भरायचा नव्हता, कारण घासूनपुसून वर्षानुवर्षे टिकणारी पाटी हवी होती. मग निळे आणि काळे वेगळे कसे दाखवायचे? यावर सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या येशू संघाच्या धर्मगुरूच्या १६३८ च्या ग्रंथाने रूढ केलेली रेषांची पद्धत आजही चालते. सोने म्हणजे ठिपके, रुपे म्हणजे कोरी जागा, निळा म्हणजे आडव्या रेषा, तांबडा म्हणजे उभ्या, काळा म्हणजे आडव्या-उभ्या रेषांची जाळी, हिरवा म्हणजे ढाल धरणाऱ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडून डाव्या खालच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या तिरप्या रेषा. म्हणजे पाटीवर तापीचा पट्टा आडव्या रेषांमधून कोरा वाहतो, बोंड जाळीवर कोरे उमटते, तारा आणि गुण्या ठिपक्यांचे आहेत, आणि टोपी व सर्व गोंडे तिरप्या रेषांचे. रासायनिक खोदकाम करणाऱ्या वयस्क कारागिराला ही पद्धत माहीत नव्हती, पण तिचे कारण सांगितल्याबरोबर त्याने स्वतःहून विचारले की रेषांमधले अंतर सगळीकडे सारखे ठेवायचे ना, म्हणजे जाळी जास्त गडद दिसेल. ती तशीच दिसते. गोंड्यांमधल्या बारीक तिरप्या रेषाही कोठे भरून आलेल्या नाहीत. रंगीत फलकासमोर ही पाटी ठेवून रंग ओळखायला लावणे हा आमच्या वर्गातला सर्वांत आवडता पाठ झाला आहे.

बोधवाक्याच्या पट्टीने मात्र निराशा केली. पट्टी ढालीखाली असते, आणि तिच्यावर महागुरूंनी निवडलेले वाक्य, बहुधा पवित्र शास्त्रातले, येते. आम्ही प्रभूच्या प्रार्थनेतील ‘तुझे राज्य येवो’ हे घेतले. वळलेल्या पट्टीवर अक्षरे बसवताना संगणकाने प्रत्येक अक्षर सुटे करून फिरवले, त्यामुळे शिरोरेषा ठिकठिकाणी तुटली, ‘ज्य’ हे जोडाक्षर दोन तुकड्यांत गेले आणि मात्रा पट्टीच्या कडेला टेकल्या. रोमन अक्षरांसाठी केलेली ही सोय देवनागरीला लावली की असेच होते. लाकडी फलकावर सुताराने शेवटी अक्षरे हाताने रेखून कोरली, ती सुरेख आहेत; पाटीवर पट्टी सरळ ठेवून मार्ग काढला. मराठी बोधवाक्य असेल तर वळणदार पट्टीचा मोह सोडावा, किंवा अक्षरे हाताने लिहून घ्यावीत.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी चित्र घेऊन जाऊ नये, लेखी वर्णन घेऊन जावे. या शास्त्रात चिन्ह ठरते ते शब्दांत. चित्र हे त्या शब्दांचे एक रूप असते, आणि दोन कारागिरांनी वेगवेगळी काढलेली बोंडे दोन्ही बरोबर असू शकतात. आमच्या अनुभवात जेथे मजकूर थेट सुताराच्या किंवा खोदकाम करणाऱ्याच्या हातात पडला तेथे काम नेमके झाले, आणि जेथे तो आधी तयार चित्रांच्या साठ्यातून गेला तेथे बिघडले. म्हणून मागणी नोंदवताना सुताराला समोर बसवण्याचा आग्रह धरावा. कारखान्याचे मालक त्याला नकार देत नाहीत. वर्णनात जमिनीचा रंग, त्यावरील वस्तू, तिचा रंग, बाजू, गोंड्यांची ओळवार संख्या आणि क्रूसाचे दांडे एवढे असावे. प्रत्यक्ष महागुरूंचे चिन्ह करायचे असेल तर वर्णन धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून मागून घ्यावे.

काम सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा मिळाले, परंतु ती मुदत लग्नसराईत आली होती आणि मालकांनी आधी कळवले होते. बांधणी उत्तम होती. गोंडे कागदी डब्यात वेगळे, टोपी वेगळी, आणि प्रत्येक सुट्या भागावर पेन्सिलीने क्रमांक. पाटीच्या मागे टांगण्यासाठी दिलेली चकती हलकी आहे, ती लगेच बदलून घ्यावी. तांबड्या टोपीचा आणि जादा गोंड्यांचा संच नको असेल तर फलकाचा खर्च सुमारे २,००० रुपयांनी कमी होतो. पण एकाच नगाचे पैसे असतील तर मी पितळी पाटी घ्यायला सांगेन.